आयता नायक की आपण घडवलेला?

खेळ सुरू होण्याआधीच गेम आपल्याला एक प्रश्न विचारतो : तयार असलेला माणूस घेतोस, की तुझा तू बनवतोस? चामराजपेटेतल्या एका मराठी घरात या प्रश्नाने काय काय घडवलं, त्याची ही हकिकत.

"अगं, तीन तास झाले, कार्टा नाक बदलत बसलाय!"

ताईचा फोन आला तेव्हा मी बेळगावला स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. क्षणभर मला वाटलं, भाच्याने प्लॅस्टिक सर्जरीचंच मनावर घेतलं की काय! पण नाक त्याचं नव्हतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर उभ्या असलेल्या कुणा माणसाचं होतं. आधी नाक, मग भुवया, मग केस, मग डाव्या गालावरचा एक व्रण. खेळ म्हणावा तर तो अजून सुरूच झाला नव्हता!

दसरा तोंडावर आला होता. तसंही ताईकडे जायचं होतंच. म्हटलं, चार दिवस आधी जावं आणि हे नाकप्रकरण डोळ्यांनी पाहावं.

ताईचं सासर बंगळुरूच्या चामराजपेटेत. १८९२ साली वसवलेला हा भाग. आखीव रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे क्रॉस, जवळच टिपूचा उन्हाळी महाल आणि कृष्णराजेंद्र मार्केटची गजबज. कन्नड साहित्य परिषद इथलीच. रामनवमीला किल्ला हायस्कूलच्या मैदानात गाण्याचा मोठा उत्सव भरतो तोही इथेच. शहाजीराजांच्या जहागिरीपासून या शहरात मराठी माणसं आहेत. ताईच्या सासूबाई त्यांतल्याच एका जुन्या घरातल्या. मराठी बोलता बोलता त्यांची गाडी मधेच कानडीच्या रुळांवर जाते आणि परत येते, ते त्यांच्या लक्षातही येत नाही.

भाचा वीस वर्षांचा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. हुशार आहे, मायाळू आहे, पण बोलताना अडखळतो. लहानपणापासूनच. एखाद्या अक्षराशी गाडी थांबते, ओठ मिटतात, मान किंचित वळते आणि शब्द काही बाहेर येत नाही. मग शेजारी बसलेली ताई चटकन तो शब्द पुरवते. "द... द..." झालं की ताई म्हणणार, "दही हवंय का?" तो मान हलवतो. वीस वर्षं घरात हे असंच चाललेलं. ताईच्या मनात माया असते, दुसरं काही नाही. आपल्या लेकराची तडफड कोणत्या आईला बघवेल?

सत्तावीस गुणांचा संसार

गेल्यागेल्याच मी त्याच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले. म्हटलं, "दाखव बाबा तुझा नाकवाला."

खेळाचं नाव 'बाल्डर्स गेट ३'. बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओज या कंपनीने तो २०२३च्या ऑगस्टमध्ये बाजारात आणला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'द गेम अवॉर्ड्स' या सोहळ्यात त्याला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट खेळाचा मान मिळाला. जादू, राक्षस, देव, शापित वाडे असं सगळं त्यात आहे. पण नुसती ढिशूम-ढिशूम नव्हे. आपण एक पात्र व्हायचं आणि गोष्टीतून चालत जायचं. वाटेत माणसं भेटतात, त्यांच्याशी बोलायचं, कुणाला वाचवायचं, कुणाला फसवायचं, आणि आपण जे ठरवू तशी गोष्ट वळण घेते. अशा खेळांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. म्हणजे सोंग घेण्याचा खेळच की!

पहिल्याच पडद्यावर प्रश्न येतो. सहा तयार पात्रं रांगेत उभी. एक जादूगार, ज्याच्या छातीत भयंकर काहीतरी दडलंय. एक बाई, जिच्या हृदयाच्या जागी धगधगतं यंत्र बसवलंय. एक पुजारीण, जिच्या आठवणीच पुसल्या गेल्यात. एक रक्तपिपासू देखणा चोर, एक परक्या जगातली लढवय्यी आणि एक सरदारपुत्र, ज्याने सैतानी शक्तीशी करार केलाय. यांतलं कुणीही घ्या, त्याचा भूतकाळ, त्याचं दुःख, त्याचे वैरी सगळं आयतं मिळतं. किंवा मग पाटी कोरी घ्या आणि आपला माणूस आपण घडवा. शिवाय सातवी एक अधलीमधली वाट आहे. त्यात भूतकाळ खेळाने लिहिलेला, काळाकुट्ट, पण चेहरामोहरा आपला.

भाच्याने कोरी पाटी घेतली होती. तिथे काय काय ठरवायचं असतं ते बघून मी थक्क झाले. माणूस की बुटका की लांबकान्या जातीचा, अशा अकरा जमाती. योद्धा, चोर, पुजारी, जादूगार असे बारा पेशे. आणि सहा गुण : बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. बुद्धी वेगळी आणि शहाणपण वेगळं, हे या खेळवाल्यांना कळलंय म्हणजे ती माणसं संसारी असणार!

प्रत्येक गुण आठपासून सुरू होतो आणि वाटायला मिळतात सत्तावीस अंक. तेरापर्यंत प्रत्येक पायरीला एक अंक लागतो. चौदावी आणि पंधरावी पायरी महाग, दोन-दोन अंकांची. त्यापुढे नेताच येत नाही. मग खेळ आपल्याकडून वर बक्षीस देतो : एका गुणात दोनची भर, दुसऱ्यात एकची. थोडक्यात, ठरलेल्या पगारात महिना भागवायचा. भिशीलाही भरायचे, किराणाही आणायचा आणि लग्नाचा आहेरही करायचा. सगळीकडे पंधरा कुणालाच मिळत नाहीत. तीन गुण पंधरावर नेलेत तर उरलेले तिन्ही आठवरच कुढत बसतात.

"मग तुझ्या नाकवाल्याला काय दिलंस?" मी विचारलं.

त्याने पडदा पुढे सरकवला. बळ आठ. बुद्धी आठ. चपळाई आणि काटकपणा चौदा-चौदा. शहाणपण बारा. आणि छाप पंधरा, वर बक्षिसाचे दोन मिळून सतरा.

छाप म्हणजे समोरच्याला बोलून जिंकायची ताकद. पेशा निवडला होता शाहिराचा. हातात तंतुवाद्य घेऊन गावोगाव फिरणारा, शब्दांच्या जोरावर दरवाजे उघडणारा शाहीर.

मी त्याच्याकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत होता. मला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

पन्नास वर्षांचा जुना वाद

तयार की घडवलेला हा वाद कॉम्प्युटरपेक्षा जुना नसला, तरी घराघरांत कॉम्प्युटर येण्याआधीचा नक्कीच आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा बैठा खेळ काढला. टेबलाभोवती पाच-सहा जण बसायचे. एक जण निवेदक, गोष्ट सांगणारा. बाकीचे एकेक पात्र. कागद, पेन्सिल आणि फासे, एवढंच सामान. त्या पहिल्या खेळात पात्र घडवायचं म्हणजे तीन फासे सहा वेळा टाकायचे आणि जे पडेल ते पदरात घ्यायचं. जन्मपत्रिकाच म्हणा ना! अंक वाटून संसार करण्याची सोय नंतर आली.

पुढे हे खेळ कॉम्प्युटरवर चढले आणि दोन घराणी तयार झाली. १९८१च्या 'विझर्ड्री'त खेळणाऱ्याने आपली सहा जणांची टोळी स्वतः उभी करायची. १९८५च्या 'अल्टिमा ४'ने गंमतच केली. तिथे एक भविष्य सांगणारी बाई आपल्याला पेचात टाकणारे प्रश्न विचारते. खरेपणा राखाल की दया दाखवाल? शौर्य की न्याय? आपण जी उत्तरं देऊ त्यांवरून आपण कोण हे ठरतं. म्हणजे आयतंही नाही आणि मनासारखंही नाही. स्वभावातून निघालेलं!

एकाच पिढीतले तीन खेळ बघितले तर फरक चांगला कळतो. १९९८च्या पहिल्या 'बाल्डर्स गेट'मध्ये नायक आपण घडवायचा आणि सोबती मात्र तयार मिळायचे. १९९९च्या 'प्लेनस्केप : टॉरमेंट'मध्ये नायक पक्का ठरलेला. अंगभर व्रण, नाव विसरलेला, मरण न येणारा. तो बदलता येत नाही. २०००च्या 'आइसविंड डेल'मध्ये उलट, सहाच्या सहा जण आपण बनवायचे. यांतल्या 'टॉरमेंट'ची गोष्ट आजही लोक आठवणीने सांगतात. कारण उघड आहे. लेखकाला नायक ठाऊक असला की त्याचा भूतकाळ, त्याने दुखावलेली माणसं, त्याची शरम, सगळं गोष्टीत विणता येतं. पोलंडमधल्या 'द विचर'चं यश त्यातच आहे. त्याचा नायक गेराल्ट हा आंद्रे सापकोव्स्की यांच्या कथा-कादंबऱ्यांतून आलेला. त्याचं नाक बदलायची सोय नाही आणि कुणी तशी मागणीही करत नाही.

मग घडवलेल्या पात्राचं काय? ते गोष्टीला सुरुवातीला परकं असतं. गावात कुणी त्याला ओळखत नाही. लेखकाला कळत नसतं की आपण योद्धा होऊन येणार की पुजारी होऊन, म्हणून त्याला सगळ्यांना चालतील असे संवाद लिहावे लागतात. पण एक गोष्ट त्यात अशी मिळते जी तयार पात्रात कधीच मिळत नाही. त्याने केलेली चूक ही आपली चूक असते. तयार नायक खोटं बोलला तर आपण म्हणतो, त्याचा स्वभावच तो. आपला माणूस खोटं बोलला तर आपल्याला अपराधी वाटतं.

'बाल्डर्स गेट ३'मध्ये आणखी एक मेख आहे. आपण कोरी पाटी घेतली तरी ते सहाही तयार जण वाटेत भेटतात आणि सोबती होतात. त्यामुळे आपला माणूस घडवला तर बाकी सगळ्यांच्या गोष्टीही ऐकायला मिळतात. म्हणून अनेक मुरलेले खेळाडू सांगतात, पहिल्या वेळी आपला माणूस घ्या, आणि खेळ आवडला तर दुसऱ्या वेळी त्या सहांपैकी एकाच्या कातडीत शिरून बघा.

मावळे विकतचे, किल्ला घरचा

हे सगळं परदेशी वाटत असेल तर जरा आपल्या दिवाळीकडे बघा. मुलं किल्ला करतात. माती, दगड, विटा, पोतं, वर पेरलेली मोहरी. बुरूज कुठे, विहीर कुठे, चोरवाट कुठे, हे सगळं पोरांच्या डोक्यातून येतं. पण मावळे आणि सिंहासनावरचे महाराज बहुतेक वेळा बाजारातून तयार आणतो. जागा आपण घडवायची, माणसं आयती घ्यायची. कुणाला त्यात विसंगती वाटत नाही.

चामराजपेटेतल्या घरी आमच्या आजी दसऱ्याला बाहुल्या मांडतात. कर्नाटकात या सणाला गोंबे हब्ब म्हणतात. पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्यांचा दरबार भरतो. सर्वात वर मानाची लाकडी जोडी, पट्टद गोंबे, राजा आणि राणी. ही लेकीला लग्नात देण्याची रीत आहे. आजींची त्यांच्या आईकडून आलेली. त्या जोडीला हात लावायचा नाही, तिची जागा बदलायची नाही. पण खालच्या पायऱ्यांवर मुलांचं राज्य. त्या वर्षी नातवंडांनी राजाराणीच्या पायाशी मेट्रोचं स्टेशन केलं होतं. आजींनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, "राजाला फिरायला बरं."

आणि आपल्या कोकणातलं दशावतार? त्यात तर या वादाचं उत्तरच सापडतं. राजा, राक्षस, नारद, सगळी पात्रं पुराणातली, ठरलेली. प्रेक्षकांना शेवटही माहीत. पण संवाद लिहिलेले नसतात. आख्यान काय ते ठरतं आणि नट रंगमंचावर उभा राहून आपले शब्द आपण बोलतो. कर्नाटकातल्या यक्षगानातही गाणी बांधलेली असतात, मधलं बोलणं नटाचं स्वतःचं. पात्र आयतं, पण वाणी घरची! म्हणजे तयार पात्र घेतलं म्हणून माणूस पोपट होत नाही, आणि घडवलेलं घेतलं म्हणून मोठा कलावंतही होत नाही. तोंडून शब्द कुणाचे निघतात, यावर सगळं अवलंबून.

आपल्याकडच्या गेमवाल्यांनीही हा विचार केलेला दिसतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने २०२० साली 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ काढला. नायिका तयार. राजी ही डोंबाऱ्यासारखी कसरती करणारी मुलगी, तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, राक्षस पळवतात आणि दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन ती त्याला शोधायला निघते. गोष्ट सांगतात ती स्वतः दुर्गा आणि विष्णू. इथे राजीच्या जागी आपण मनाला येईल तो माणूस उभा केला असता तर बहीण-भावाचं नातंच उरलं नसतं. जगभरातल्या पदार्पणाच्या उत्तम खेळांत त्या वर्षी त्याला नामांकन मिळालं. आणि बंगळुरूचं म्हणाल, तर परदेशी खेळांतली माणसं, गाड्या, घरं चितारण्याचं काम या शहरात १९९७ पासून होतंय. ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही भारतातल्या सुरुवातीच्या गेम-कंपन्यांपैकी एक इथलीच. २०१९ साली ती रॉकस्टार या बड्या कंपनीने विकत घेतली. तेव्हा भाचा त्या स्क्रीनवर जी नाकं बदलत होता, तसली नाकं घडवणारे हात त्याच्याच शहरात आहेत.

"यात घाई करणारं कुणी नाही"

दोन दिवस मी त्याच्या शेजारी बसून शाहिराचा प्रवास पाहिला. कुणा पहारेकऱ्याशी बोलायची वेळ आली की पडद्यावर चार-पाच वाक्यं येतात. धमकी द्यायची, गोड बोलायचं, थाप मारायची की गाणं म्हणायचं, आपण निवडायचं. मग वीस बाजूंचा फासा गरगरतो. छाप सतरा असली की फाशाच्या अंकात भर पडते. तरी फाशावर एक आला की कितीही गुण असोत, सगळं फसतं. आयुष्याला धरूनच आहे!

आणि शाहीर स्वतः मोठ्याने बोलत नाही. आपण निवडलेलं वाक्य समोरच्याला कळतं, त्याचं उत्तर येतं.

मी सहज विचारलं, "तुला यात एवढं काय आवडतं रे?"

तो थांबला. एक अक्षर अडलं. मी गप्प बसले. घड्याळ चालू होतं. मग तो म्हणाला, "मावशी, यात घाई करणारं कुणी नाही. वाक्य निवडायला हवा तेवढा वेळ मिळतो. आणि समोरचा पूर्ण ऐकून घेतो."

त्या रात्री मी ताईला हे सांगितलं. ती भांडी विसळत होती. हात थांबले. "म्हणजे मी ऐकून घेत नाही?" तिचा आवाज चढला. मग तिने नळ बंद केला आणि बराच वेळ ओट्याकडे बघत राहिली. म्हणाली, "अगं, तो अडला की माझाच जीव घाबरा होतो. शब्द दिला की सुटतो बिचारा, असं वाटतं."

दाजी पेपर वाचत होते. ते एवढंच म्हणाले, "सुटतो तो, की तू?"

जाणकार काय सांगतात हे ताईला ठाऊक नव्हतं असं नाही. भाचा लहान असताना वाचातज्ज्ञांनी तिला बजावलं होतं की त्याचं वाक्य पूर्ण करू नका, 'सावकाश बोल, श्वास घे' असंही म्हणू नका, नुसतं ऐका. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एकाला ही अडचण असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण रोजच्या धबडग्यात शाळेची बस, डबा, पाहुणे यांच्यात ते राहून गेलं. सवय लागली.

आजी झाल्या पुजारीण

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी पाऊस लागला आणि वीज गेली. कॉम्प्युटर बंद. नातवंडं कंटाळली. तेव्हा भाच्याने कपाटातून एक पेटी काढली. तोच 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', पण मूळ टेबलावरचा. २०१४ सालच्या त्या पेटीत नवशिक्यांसाठी पाच तयार पात्रांचे कागद असतात. दोन योद्धे, एक जादूगार, एक चोर आणि एक पुजारी.

मी म्हटलं, "का रे, घडवायचं नाही का आपलं आपण?"

"पहिल्या दिवशी नाही," तो म्हणाला. "आजीला सत्तावीस अंक वाटायला लावले तर ती उठून देवघरात जाईल."

खरंच होतं. तयार कागद हातात पडला आणि पाच मिनिटांत खेळ सुरू झाला. ताई योद्धा. मी जादूगार. बारा वर्षांची पुतणी चोर झाली आणि लगेच सगळ्यांचे खिसे चाचपायला लागली. दाजींना दुसरा योद्धा मिळाला. आजींच्या वाट्याला पुजारी आला. जखमींना बरं करायचं, देवाची प्रार्थना करायची. "हे काय," आजी म्हणाल्या, "उपासतापास नि औषधपाणी. जन्मभर तेच केलं. मला शिकवू नका!"

भाचा निवेदक. म्हणजे बोलायचं सगळं त्याने!

एक नियम त्याने सुरुवातीलाच सांगितला. ज्याची पाळी त्यानेच बोलायचं. दुसऱ्याच्या पाळीत तोंड उघडलं तर आपली पाळी गेली.

मेणबत्तीच्या उजेडात गोष्ट सुरू झाली. आम्ही डोंगरातल्या वाटेने निघालो. गुहा लागली. आत शिरलो. मागून आवाज आला. भाचा म्हणाला, "तुम्ही मागे वळून पाहता, तर तिथे द... द..."

अडलं. मान वळली. ताईच्या ओठांवर शब्द आलेला मला दिसला. दरवाजा. गुहेचं तोंड बंद झालं असणार, दुसरं काय! तिने तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात आजींनी तिच्या हातावर हात ठेवला.

"त्याची पाळी," आजी म्हणाल्या. "तू निधान."

कानडीत निधान म्हणजे सबुरीनं. ताई थांबली. पाऊस पडत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक, पाच सेकंद असतील, दहा असतील. मग शब्द आला.

"दरड. दरड कोसळलीय. वाट बंद झाली."

दरवाजा नव्हताच! ताई माझ्याकडे बघायला लागली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी विसरणार नाही. वीस वर्षं तिने जे शब्द पुरवले, त्यांतले किती त्याचे होते? दही हवंय का म्हटल्यावर मान हलवणाऱ्या पोराला तेव्हा कदाचित दूध हवं असेल. शब्द फुकट मिळतोय तर भांडायचं कशाला, म्हणून तो मान हलवत गेला असेल.

खेळ रात्री साडेअकरापर्यंत चालला. वीज मधेच आली, कुणी दिवा लावायला उठलं नाही. भाचा तेव्हाही अडखळतच होता. एक रात्र खेळून कुणाचं अडखळणं जात नाही, आणि असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. फक्त त्या रात्री प्रत्येक शब्द त्याचा होता.

आईवडिलांसाठी चार गोष्टी

वाचकहो, तुमच्याही घरात कुणी नाक बदलत बसत असेल. तेव्हा अनुभवाचे चार बोल.

पहिलं, वयाची खूण बघा. 'बाल्डर्स गेट ३'वर युरोपात अठरा वर्षांचा शिक्का आहे, अमेरिकेत सतरा. त्यात रक्तपात आहे आणि मोठ्यांचे प्रसंगही आहेत. वीस वर्षांच्या भाच्याला ठीक, बारा वर्षांच्या पुतणीला नाही. तिला त्या खोलीत प्रवेश नव्हता. पण टेबलावरचा खेळ निवेदक आपल्या मुलांच्या वयाप्रमाणे हवा तसा वळवू शकतो.

दुसरं, नवख्याने तयार पात्र घ्यावं. नियम कळायच्या आत अंक वाटायला बसलं की गोंधळ होतो आणि खेळ नावडता होतो. गोष्टीतच रमायचं असेल तरीही तयार पात्र बरं. पण खेळ ओळखीचा झाला आणि 'मी असतो तर काय केलं असतं' असं मनात येऊ लागलं, की आपला माणूस घडवायची वेळ झाली.

तिसरं, निवड चुकली तर आकाश कोसळत नाही. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये शंभर मोहरा दिल्या की पेशा आणि गुणांची वाटणी पुन्हा करता येते. जादूच्या आरशात चेहराही बदलता येतो. जमात मात्र जन्माची. तेव्हा तीन तास नाकावर घालवायची खरंच गरज नसते, हे मुलांना जरूर सांगा. खेळ मोठा आहे, पन्नास-पाऊणशे तास सहज जातात. म्हणून रोजचा वेळ आधी ठरवून घ्या. खेळ जिथे थांबवला तिथून पुढे सुरू करता येतो, त्यामुळे 'आत्ता उठता येत नाही' ही सबब फार चालवून घेऊ नका.

चौथं आणि महत्त्वाचं. 'किती वेळ बसलायस?' हे विचारतोच आपण. त्याच्या जोडीला एकदा विचारा, 'तुझा माणूस असा का आहे?' मुलाने घडवलेलं पात्र म्हणजे त्याने न लिहिलेलं पत्र असू शकतं. एखाद्या अशक्त पोराने बळ पंधरावर नेलेलं असतं. एखाद्या एकट्या मुलीने सहा सोबती गोळा केलेले असतात. नेहमी तसंच असेल असं नाही, काही वेळा नाक म्हणजे नुसतं नाकच असतं! पण विचारल्याशिवाय कळणार कसं?

आणि घरात कुणी अडखळत बोलत असेल तर खेळावर विसंबू नका. वाचातज्ज्ञांना भेटा. म्हैसूरला अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे, मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांतही असे तज्ज्ञ असतात. घरच्यांच्या हातात एकच औषध आहे, ते म्हणजे वाट बघणं.

विजयादशमीला मी बेळगावला निघाले. ताई दारापर्यंत आली. भाचा माझी बॅग घेऊन पुढे झाला आणि रिक्षावाल्याशी कानडीत भाडं ठरवू लागला. मधेच एका शब्दाशी अडला. रिक्षावाला घाईत होता, त्याने तीन आकडे सुचवून पाहिले. भाच्याने तिन्हींना मान हलवली, नाही म्हणून. ताई पायरीवर उभी होती. पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं, पण ओठ मिटलेले.

शेवटी त्याने आपला आकडा सांगितला. रिक्षावाल्याच्या तिन्हींपेक्षा कमी होता. त्या भाड्यात मी स्टेशनवर पोचले.